एसीचा गॅस: मीटर पाहून की वजन करून?

ठाण्याहून बाळकुम ओलांडून भिवंडीकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. रस्ता मोकळा असेल तोवर एसी झकास चालतो. कशेळीच्या खाडीपुलाच्या आसपास पुढे कंटेनर, मागे टेम्पो, बाजूला रिक्षा अशी कोंडी झाली की दहा मिनिटांत जाळीतून येणारी हवा कोमट होऊ लागते. रांग सुटते, गाडी काल्हेरच्या दिशेनं वेग घेते आणि गारवा परत येतो. गाडीत बसलेल्यांपैकी कुणीतरी निदान करून टाकतं: ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या.’

भरण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे ऑनलाइन मिळणारा साडेचारशे ग्रॅमचा डबा, सोबत एक नळी आणि हिरव्या-लाल पट्ट्यांचं छोटं मीटर. बॉनेट उघडायचं, नळी जोडायची, काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं. दुसरा मार्ग दुकानाचा. तिथे पैसे जास्त जातात, वेळही जातो, आणि मेकॅनिकही शेवटी नळ्याच जोडतो. मग घरीच का करू नये?

प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी ‘गॅस कमी होतो’ म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहायला हवं.

गॅस खर्च होत नाही

पेट्रोल जळतं, म्हणून ते संपतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुनाही होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. लहान गाडीत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो आणि एसी जोरात चालू असताना तेवढाच गॅस मिनिटाला अनेक फेऱ्या मारतो. कारखान्यात भरलेला गॅस तत्त्वतः गाडी भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा.

प्रत्यक्षात थोडा झिरपतो. इंजिन हलतं, त्यामुळे कॉम्प्रेसरला जोडलेल्या नळ्यांत रबरी भाग ठेवावा लागतो आणि रबरातून गॅसचे कण हळूहळू बाहेर पडतात. कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सीलही पूर्ण घट्ट नसतं. युरोपीय संघानं २००६ च्या निर्देशात वातावरण जास्त तापवणारा गॅस वापरणाऱ्या साध्या, एका कुलिंग कॉइलच्या यंत्रणेसाठी गळतीची मर्यादा वर्षाला ४० ग्रॅम ठेवली होती. मर्यादेइतकी गळती धरली तरी कुलिंगमध्ये फरक जाणवायला काही वर्षं लागतात. ज्या गाडीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, त्या गाडीला गॅसची नव्हे, गळती शोधणाऱ्या माणसाची गरज आहे.

गारवा येतो कुठून?

हे समजायला स्वयंपाकघरातला सिलिंडर पुरेसा आहे. त्यात गॅस द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या वर त्याची वाफ. शेगडी पेटली की वाफ बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला आणखी द्रव उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. लग्नाच्या मांडवात मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर खालच्या बाजूनं गार पडून त्याला घाम फुटतो, तो यामुळेच.

गाडीचा एसी हेच काम मुद्दाम करतो. बहुतेक भारतीय गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो, पण दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. यंत्रणेची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे.

डॅशबोर्डच्या आत कुलिंग कॉइल असते. तिथे दाब कमी ठेवलेला असतो, साधारण ३० पीएसआय. टायरची हवा मोजतो तेच हे एकक. इतक्या दाबाला गॅस शून्याच्या थोडा वर उकळतो. ब्लोअर केबिनमधली हवा या कॉइलवरून फिरवतो, द्रव उकळताना त्या हवेतली उष्णता शोषून घेतो आणि जाळीतून गार हवा येते. हवेतली वाफही कॉइलवर थिजून पाणी होते. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पडणारे थेंब ते हेच. ती गळती नाही.

उष्णता घेऊन आलेला गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून २०० पीएसआयच्या आसपास नेतो आणि या दाबाला गॅस थंड होऊन द्रव व्हायला ५५ अंश तापमानही पुरतं. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर नावाची चपटी जाळी असते. बाहेर ३८ अंशांचा उन्हाळा असला तरी ५५ अंशांच्या जाळीला ती हवा गारच वाटते. उष्णता बाहेर जाते, गॅस पुन्हा द्रव होतो, एका बारीक झडपेतून फवारला जाऊन कमी दाबाच्या कॉइलमध्ये पोचतो, आणि पुढची फेरी सुरू होते.

या प्रवासात आणखी एक प्रवासी असतो, तेल. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस फारच कमी झाला की तेलही कॉम्प्रेसरपर्यंत नीट परत येत नाही. कमी गॅसवर दामटलेला एसी आधी गारवा गमावतो आणि मग कधीतरी कॉम्प्रेसर.

मीटर काय सांगतं, काय लपवतं

घरगुती डब्याची खरी अडचण त्याच्या मीटरमध्ये आहे. सिलिंडरकडे पुन्हा वळू. भरलेल्या सिलिंडरमधला दाब आणि अर्ध्या सिलिंडरमधला दाब जवळजवळ सारखाच असतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब तापमानावर ठरतो, मालावर नाही. म्हणून शेगडीच्या ज्योतीवरून शिल्लक किती ते कळत नाही आणि घरी आलेला सिलिंडर १४.२ किलोचा आहे की नाही हे तपासायला वजनच करावं लागतं.

एसीचंही तसंच. एसी बंद असलेल्या, पूर्ण निवलेल्या गाडीला ३० अंश तापमानात मीटर लावलं तर दोन्ही बाजूंना शंभराच्या थोडं खाली पीएसआय दिसेल. आत ५०० ग्रॅम असो की २००, आकडा तोच.

एसी चालू केल्यावर आकडे हलतात, पण तेही एकट्या गॅसच्या प्रमाणावर अवलंबून नसतात. बाहेरचं तापमान, हवेतला दमटपणा, ब्लोअरचा वेग, इंजिनचे फेरे, कंडेन्सरवरची धूळ, पंखा चालतोय की नाही, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शिवाय आजच्या अनेक छोट्या गाड्यांतले कॉम्प्रेसर स्वतःची ओढ कमीजास्त करून कमी दाबाची बाजू एका ठरावीक आकड्यापाशी धरून ठेवतात. अशा गाडीत गॅस बराच घटला तरी कमी दाबाचं मीटर बरेचदा ‘सर्व ठीक’ म्हणतं. डब्याबरोबर येणारं मीटर नेमकं त्याच बाजूला लागतं. हिरव्या पट्ट्यावर विश्वास ठेवावा असं त्यात फार थोडं आहे.

कुणी हुशारी करून डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवेल. कल्पना चांगली आहे, किती ग्रॅम आत गेले ते कळेल. पण आधी आत किती होते? ते कळायला एकच उपाय आहे: असलेला गॅस पूर्ण काढायचा आणि मोजून नव्यानं भरायचा. इथे घरचा मार्ग संपतो.

जास्त झाला तर काय बिघडतं?

‘थोडा जास्त गेला तर उलट जास्त गार होईल’ हा समज फार पसरलेला आहे. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या नळ्या अडवून बसतो. तेवढी जागा गॅस थंड करायला उरत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो, पेट्रोल जास्त जातं आणि गारवा घटतो. दाब फारच वाढला तर सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर प्रकरण आणखी महाग पडतं, कारण तो वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो आणि द्रव दाबला जात नाही.

आता कशेळीच्या कोंडीकडे येऊ. गाडी पळत असताना कंडेन्सरवर वारा आपोआप आदळतो. उभ्या गाडीत तो वारा नाहीसा होतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. समोरच्या ट्रकचा धूर, तापलेला डांबरी रस्ता, मंदावलेलं इंजिन या सगळ्यांची त्यात भर पडते. पंखा मंद असेल, त्याचा रिले बिघडला असेल किंवा जाळी धुळीनं बुजली असेल, तर उष्णता बाहेर जातच नाही आणि कॉम्प्रेसर थांबतो. गाडी हलली की वारा येतो, दाब उतरतो, गारवा परततो. ‘उभ्या गाडीत कोमट, चालत्या गाडीत गार’ या तक्रारीत पहिला संशय पंख्यावर आणि कंडेन्सरवर घ्यायला हवा. गॅस थोडा कमी असला तरी उभ्या गाडीत तो आधी जाणवतो हे खरं, पण पंखा बंद असलेल्या गाडीत वरून गॅस भरला तर चढलेला दाब आणखी चढेल. दुखणं वाढवणारं औषध म्हणतात ते हेच.

या पट्ट्यात कंडेन्सर बुजायला वेळही लागत नाही. गोदामांकडे ये-जा करणाऱ्या कंटेनरांची धूळ आहे, मेट्रो पाचच्या बांधकामानं वर्षानुवर्षं उडवलेली माती आहे आणि भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांमधून नेहमी जाणाऱ्या गाडीच्या जाळीवर रुईचे तंतूही बसतात. खाडीकडची खारट, दमट हवा अॅल्युमिनिअमला मानवत नाही ती वेगळीच.

चौकट: गॅसचा विषय काढण्याआधी घरी करता येण्याजोगं
• ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून पाहा. तो काळा-राखाडी झाला असेल तर हवेचा झोतच कमी पडतो.
• इंजिन थंड असताना कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडा. प्रेशर वॉशरनं पत्र्याच्या नाजूक पापण्या वाकतात.
• एसी लावून बॉनेट उघडा. पुढचा पंखा फिरतो का, ते हात न लावता पाहा.
• नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट, चिकट धूळ दिसते का? गॅसबरोबर तेलही गळतं, म्हणून गळतीचा माग असा लागतो.
• कोमट हवा बाहेरून येते आहे का? हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबून फरक पाहा.
• बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. त्याचा फोटो काढून ठेवा.

व्हॅक्यूम कशासाठी?

गॅस गळून नळ्या रिकाम्या झाल्या किंवा दुरुस्तीसाठी उघडल्या की आत साधी हवा शिरते आणि हवेबरोबर ओल. जुलैत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. नळ्यांत त्यातलं अगदी थोडंच शिरतं, पण यंत्रणेला तेही नको असतं. पाण्याचा कण बारीक झडपेपाशी गोठून गॅसची वाट अडवतो. तेल आणि गॅसबरोबर राहून पाणी आम्लं तयार करतं, ती आतून धातू खातात. हवेचा उपद्रव निराळा. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव होतो, हवेचा होत नाही. ती नुसती जागा अडवून दाब वाढवत बसते.

म्हणून मेकॅनिक ‘व्हॅक्यूम मारतो’. पंप लावून आतली हवा इतकी उपसायची की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडावं. ३० अंशांना पाणी उकळायला दाब नेहमीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे चोविसाव्या हिश्शाखाली न्यावा लागतो. ओल पूर्ण निघायला पंप निदान अर्धा तास चालायला हवा. ज्याचा पंप पाच मिनिटांत बंद होतो, त्यानं हवा काढली असेल, ओल काढलेली नसते.

पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो की हळूहळू परत येतो, हे पाहून गळतीचा पहिला अंदाज येतो. तो अंदाजच असतो. काही भेगा आतून दाब आल्यावरच उघडतात, म्हणून चांगला मेकॅनिक कोरडा नायट्रोजन भरून दाब देतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवतो. गळती कॉइलसारख्या न दिसणाऱ्या जागी असेल तर रंगीत द्रव सोडून अतिनील दिव्याखाली माग काढतात किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरतात.

डब्यावाल्या मार्गात यातलं काहीच होत नाही. उलट नळीतली हवा आधी गॅसच्या झोतानं बाहेर काढली नाही, तर तीही आत ढकलली जाते. काही डब्यांत ‘गळती बुजवणारं’ रसायन असतं. ते गळती बुजवताना बारीक झडपही बुजवू शकतं आणि पुढे दुकानातलं गॅस काढणारं यंत्रही खराब करतं.

शरीराला असणारा धोकाही लहान नाही. द्रवरूप गॅस बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर क्षणात त्वचा गोठते. डबा जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर तो फुटू शकतो. ती चूक टळावी म्हणून आर-१३४एच्या दोन तोंडांचा आकारच वेगळा ठेवला आहे, कमी दाबाचं १३ मिलिमीटर आणि जास्त दाबाचं १६. जुगाड करून जोडणाऱ्यापुढे मात्र आकाराचं काही चालत नाही.

दुकान म्हणजे वजन, असं नाही

एवढं वाचून कुणी सरळ पहिल्या दुकानात गाडी लावेल, तर थोडं थांबावं. रस्त्याकडेच्या अनेक एसीवाल्यांकडे निळं-लाल मीटर असतं, पिवळी नळी असते, १३.६ किलोचं गॅसचं नळकांडं असतं, पण वजनकाटा नसतो. ‘टॉपअप करून देतो’ म्हणणारा मेकॅनिक मीटर पाहून, नळीला हात लावून, जाळीतली हवा तळव्यावर घेऊन गॅस सोडतो. हात मुरलेला असेल तर तो जवळपास पोचतोही. पण तत्त्वतः हे घरच्या डब्यासारखंच, फक्त दुसऱ्याच्या हातानं.

काट्यासाठी मोठं वर्कशॉपच हवं असंही नाही. नळकांडं डिजिटल काट्यावर ठेवलं आणि स्टिकरवरच्या ग्रॅमइतकं वजन उतरलं की काम झालं. मोठ्या वर्कशॉपमध्ये हे सगळं एकाच यंत्रात असतं: जुना गॅस काढतं, गाळतं, व्हॅक्यूम करतं, तेल मोजतं आणि ठरलेलं वजन भरतं. अमेरिकेतल्या मानकानुसार अशा यंत्राची भरण्यातली चूक १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्या अमेरिकेतच सुपरमार्केटात डबे सर्रास मिळतात, ही गंमत आहे. न्यू जर्सीतला मराठी गाडीवाला शनिवारी डबा आणून स्वतः गॅस भरू शकतो, पण तेच काम पैसे घेऊन करणाऱ्या मेकॅनिकला प्रमाणपत्र लागतं.

कशेळी-काल्हेर-अंजूरफाट्याच्या रस्त्यावर दुकान निवडताना दोन प्रश्न पुरतात: ‘किती ग्रॅम भरणार?’ आणि ‘काटा कुठे आहे?’ उत्तरात ‘मीटर बघून’ असे शब्द आले तर पुढचं दुकान पाहावं.

नळकांड्यात नक्की काय आहे, हाही प्रश्न आहे. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीतपेट्यांचे, म्हणजे रीफर कंटेनरांचे, कॉम्प्रेसर फुटून कामगार मेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि अॅल्युमिनिअमशी त्याचा संयोग होऊन पेट घेणारं रसायन तयार झालं होतं. स्वस्त म्हणून ज्वलनशील गॅस भरण्याचे प्रकार तर आणखी जवळचे. गाडीची कुलिंग कॉइल केबिनच्या हवेच्या वाटेतच असते, तेव्हा ती फुटली तर तो गॅस थेट माणसांत येतो.

हवेत सोडलेले चारशे ग्रॅम

जुन्या गाड्यांत आर-१२ होता. तो ओझोनचा थर विरळ करतो हे उघड झाल्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि भारतानं असे गॅस २०१० पर्यंत बंद केले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. एका छोट्या गाडीतले ४०० ग्रॅम हवेत सोडले तर ते ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके पडतात. अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण तेवढाच निघतो. गळकी नळी तशीच ठेवून दर उन्हाळ्यात डबा रिकामा करणाऱ्याचा हिशेब असा आहे. जुना गॅस काढताना नळी मोकळी सोडून ‘फुस्स’ करणाऱ्या दुकानाचाही.

मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार आर-१३४एसारख्या गॅसचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. युरोपातल्या नव्या गाड्यांत आधीच आर-१२३४वायएफ आला आहे. त्याचा तापमानावरचा परिणाम नगण्य, पण तो किंचित ज्वलनशील आहे, बराच महाग आहे आणि त्याची तोंडं वेगळ्या आकाराची आहेत. आयात गाडी असेल तर स्टिकर वाचल्याशिवाय बॉनेटखाली हात घालू नये.

एसी वापरणाऱ्यांची संख्याही या पट्ट्यात वाढणार आहे. २०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. आजवर खिडकी उघडी ठेवून घाम पुसत पूल ओलांडणाऱ्या चालकांच्या वाट्याला गारवा आला, ही चांगलीच गोष्ट. त्या ट्रकचे कंडेन्सरही हीच धूळ खाणार आणि त्यांच्या मालकांनाही कुणीतरी ‘टॉपअप’ सुचवणार.

बॅटरीच्या गाडीला डबा नकोच

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत घरगुती डब्याचा विचारच करू नये. तिथे कॉम्प्रेसर सहसा पट्ट्यावर फिरत नाही, त्याच्या आतच शेकडो व्होल्टवर चालणारी मोटर असते आणि तेल थेट तिच्या गुंडाळ्यांना लागतं. म्हणून तिथे वीज न वाहणारं, पीओई जातीचं तेल वापरतात. पेट्रोल गाड्यांसाठीच्या डब्यांत बरेचदा पीएजी तेल मिसळलेलं असतं, ते ओल धरतं आणि वीज वाहू देतं. त्याचा थोडासा अंश गेला तरी गाडीचा संगणक विद्युतरोधन बिघडल्याची सूचना देऊन गाडी चालू होऊ देत नाही. दुकानातल्या नळ्यांना चिकटून आलेलं जुनं तेलही याला पुरतं. म्हणून अशा गाड्यांसाठी नळ्यांचा संच वेगळा ठेवतात किंवा नळ्या आतून धुणारं यंत्र वापरतात. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत हाच गॅस बॅटरीही गार ठेवतो, तेव्हा तो कमी झाला तर केबिन कोमट होण्याबरोबर बॅटरीचं जलद चार्जिंगही मंदावतं.